जड पंखा

आमच्या बोटीच्या पंख्यावर, म्हणजे इंजिनाच्या प्रोपेलरवर, ‘११ १/४ × १४’ असे आकडे कोरलेले आहेत, हे बोट घेतल्यावर पाच महिन्यांनी माझ्या लक्षात आलं. तोवर मी इंजिनाचं तेल बघत होते, पेट्रोल गाळून भरत होते, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुऊन काढत होते. पंख्याला दोरी-जाळं अडकलेलं नाही ना, एवढं बघितलं की त्याच्याकडची जबाबदारी संपली असं धरून चालले होते.

बोट १७ फुटी, फायबरची. मागे ६० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर मागे टांगलेलं इंजिन. आम्ही ती जुनीच घेतली, पवना धरणाच्या जलाशयावरच्या एका जोडप्याकडून. चांगली सांभाळलेली होती, इंजिनाचे तासही फार झाले नव्हते. दसऱ्याला ती ट्रॉलीवरून घाट उतरून देवबागला आली. माझं सासर देवबागचं. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, तिथे आमचं घर. बोट घेतली ती वेगासाठी नव्हे. सुट्टीत सगळे जमले की खाडीतून फेरी मारायची, समुद्र शांत असेल तर संगमाबाहेर पडून डॉल्फिन बघायचे, मुलांना पाण्याची सवय लावायची, इतकाच हेतू.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सहाजण बाहेर होतो. मी, नवरा, दीर, जाऊ, सासूबाई आणि चौदा वर्षांचा मुलगा. बोटीच्या पाटीवर सात माणसांची मुभा आहे, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेटं होती, म्हणजे नियमाबाहेर काही नव्हतं. परतायला दुपारचे तीन वाजले. पश्चिमेचा खारा वारा चढला होता आणि ओहोटी जोरात लागली होती. कर्लीच्या मुखाशी हे दोन्ही एकदम आले की काय होतं ते तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. खाडीचं पाणी बाहेर धावतं, वारा लाटा आत ढकलतो, आणि वाळूच्या दांड्यावर त्या लाटा उभ्या राहतात. अशा वेळी आत यायचं तर एका लाटेच्या पाठीवर बसून, तिच्याच वेगाने यायचं असतं. बोट तिच्यापेक्षा हळू पडली, की मागची लाट येऊन बोटीच्या ढुंगणावर चढते.

मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवायचा खटका, पूर्ण पुढे केला. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठली, ढुंगण खाली बसलं आणि पाण्यावर उचलली जाऊन धावण्याऐवजी बोट तशीच राहिली. आवाज घोगरा झाला. काटा मिनिटाला ३८०० फेऱ्यांवर जाऊन थांबला, पुढे सरकेना. मागची लाट इंजिनाच्या टोपाला लागून फुटली तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता नातवाला जवळ ओढलं. दीर आणि नवरा दोघे खाली वाकून, रांगत नाळेकडे गेले. वजन पुढे सरकल्यावर हळूहळू बोट उचलली गेली, काटा चढला आणि आम्ही आत आलो. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं असेल. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन माणसं पुढे रांगत गेल्याशिवाय जी बोट उचलत नाही, तिच्यात मी सासूबाईंना आणि मुलाला बसवत होते.

किनाऱ्यावर तात्या जाळं शिवत बसले होते. सगळा गाव त्यांना तात्याच म्हणतो. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, म्हणून काढलेला माणूस. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

“वयनी, तुमचा मशीन रडता हा,” ते म्हणाले. “पंखो जड पडता तेका.”

जड म्हणजे काय, मी विचारलं. पंखा तर ॲल्युमिनियमचा, एका हाताने उचलता येतो.

“वजनान न्हय. घाटात चौथो गिअर घालून चडशात काय? तसो जड. ह्यो पंखो दोन माणसांचो. तुमी घरभर माणसा नेतास.”

तात्यांचं निदान पहिल्याच दिवशी बरोबर होतं. तरी पंखा बदलायच्या आधी बाकीचं तपासणं भाग होतं, कारण इंजिन दमतंय याची कारणं अनेक असतात. मालवणातल्या मेकॅनिकने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधून वाटीभर गढूळ पाणी काढलं. फरक जाणवला नाही. मग पौर्णिमेच्या उधाणाला बोट वाळूवर वर ओढून ठेवली आणि ओहोटीला तळ बघितला. पाच महिने ती खाडीत खुंटाला बांधलेली होती. तळाला शेवाळ आणि त्यावर बारीक धारदार कवच्यांचा थर. एक अख्खी दुपार आम्ही लाकडी पट्ट्यांनी तो खरवडला. पुढच्या फेरीला काटा जवळजवळ दोनशे फेरे वर चढला. म्हणजे एवढे फेरे तळानेच खाल्ले होते. पंखा निवडायला निघणाऱ्याने आधी तळ साफ करावा, हे मी आता कुणालाही हात धरून सांगते. घाण तळाच्या बोटीला मापाचा पंखा बसवला, तर तळ साफ झाल्यावर तोच पंखा चुकीचा ठरतो.

तळ साफ झाला तरी सहा माणसं घेऊन बोट रडतच होती. तेव्हा मी पंख्यासमोर जाऊन बसले आणि ते आकडे वाचले. पहिला आकडा व्यास: सव्वाअकरा इंच. दुसरा पिच. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो जेवढा आत जातो, तसं घट्ट पदार्थात हा पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता तेवढं अंतर म्हणजे पिच. आमचा १४ इंच. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात तो तेवढा जात नाही. किती कमी जातो त्याला स्लिप म्हणतात. थोडी स्लिप हवीच, तिच्याशिवाय पंखा पाण्याला रेटा देऊच शकत नाही. ती वाजवीपेक्षा जास्त झाली की मग पेट्रोल पाणी ढवळण्यात जातं.

इंजिनाच्या पुस्तिकेत एक ओळ होती, ती मी आधी दहा वेळा ओलांडून गेले असेन. पूर्ण थ्रॉटलला फेरे ५००० ते ६००० च्या दरम्यान असावेत. साऱ्या पंखानिवडीचं मूळ त्या एका ओळीत आहे. पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन ५००० पर्यंत पोचत नसेल तर पंखा जड. ६००० च्या पुढे पळत असेल तर हलका. कमी फेरे म्हणजे इंजिन आरामात आहे, असं मला वाटायचं. उलट असतं. थ्रॉटल उघडा आहे, पेट्रोल-हवा भरभरून आत जाते आहे आणि इंजिनाच्या दांड्याला मात्र फिरायला जागा नाही. मग सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता साठते, काजळी धरते, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर पिस्टन जातात. भरलेली एसटी फोंडा घाटात वरच्या गिअरमध्ये चढवली तर ड्रायव्हरच्या आधी गाडीच सांगते. बोटीला बदलायला गिअर नाहीत. पुढे, न्यूट्रल आणि मागे, एवढंच. तिच्यासाठी गिअर म्हणजे पंखा, आणि तो पाण्यात उतरायच्या आधी निवडून ठेवावा लागतो.

मग मोजायला बसलो. एक दोनशे पानी वही घेतली. मेकॅनिकने लॅपटॉप इंजिनाला जोडला, तेव्हा डॅशबोर्डवरचा काटा खऱ्यापेक्षा शंभर फेरे जास्त दाखवतो हे कळलं. त्याच पडद्यावर इंजिन आजवर किती फेऱ्यांवर किती तास चाललं याची पट्टी होती. आमच्याकडे आल्यापासूनचे तास बघितले तर ५००० च्या वरचा रकाना जवळजवळ रिकामा. पाच महिने आम्ही त्याला मोकळा श्वास घेऊच दिला नव्हता. मला ते बघून फार वाईट वाटलं.

चाचणीसाठी सकाळी सातची वेळ धरली. मतलई वारा पडलेला, खाडी तेलासारखी, आणि भांगाचे दिवस निवडले म्हणजे पाण्याला ओढ कमी. ओहोटीला बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढायला पाण्यात उतरतात, त्यांच्यापासून आणि मासेमारीच्या होड्यांपासून लांब, खाडीच्या रुंद सरळ पट्ट्यात. टाकी अर्धी, म्हणजे साधारण ३० लिटर. प्रत्येक चाचणी दोनदा, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा उलट, मग दोन्हींची सरासरी. वेग जीपीएसवरून, कारण बोटीच्या वेगमापकावर माझा भरवसा नाही. थ्रॉटल पूर्ण पुढे, इंजिनाचा कोन बदलत बदलत जिथे वेग सर्वांत जास्त लागतो तिथे ठेवून दहा सेकंद स्थिर. मुलगा वहीत लिहायचा, नवरा घड्याळ लावून बसायचा, मी चालवायची.

पहिल्याच सकाळी एक वेगळीच अडचण निघाली. सहा माणसांनिशी वळण घेतलं, की इंजिन एकदम किंचाळायचं, फेरे वर, वेग खाली. पंखा वरून हवा ओढत होता. मेकॅनिकने सरळ पट्टी बोटीच्या तळाला लावून दाखवलं. पंख्याच्या वर इंजिनाला जी आडवी पाटी असते, ती तळाच्या रेषेपेक्षा बरीच वर होती. तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं खरं काम पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत उतरू न देणं हे आहे. आधीच्या मालकांनी वेग वाढावा म्हणून इंजिन वरच्या भोकात बसवलं असावं. शांत जलाशयात दोघांसाठी ते ठीकच होतं. आम्ही ते एक भोक खाली घेतलं, म्हणजे पाऊण इंच. सरळ धावताना फेरे पन्नासेक उतरले, पण वळणातलं किंचाळणं थांबलं. आधीचे सगळे आकडे खोडून पुन्हा पहिल्यापासून मोजले.

१४ पिचचे आकडे असे आले. दोन माणसं: ५३०० फेरे, २७.५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). सहा माणसं: ४८०० फेरे, २१.५ नॉट, आणि उभ्या जागेवरून बोट पाण्यावर उचलली जायला चौदा सेकंद.

हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा सगळं उलगडलं. दोन माणसांसाठी हा पंखा अगदी योग्य आहे. ५००० आणि ६००० च्या दरम्यान. पवनेचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के घटते, तरीही दोघांनिशी तिथे ते ५००० च्या पुढेच राहिलं असणार. म्हणजे ज्यांनी तो निवडला त्यांनी स्वतःसाठी बरोबरच निवडला होता. बदललं होतं ते ओझं. चार माणसं वाढली म्हणजे अडीचशे किलोच्या वर, शिवाय बर्फाची पेटी, नांगर, साखळी.

स्लिपचं गणित मी मुलाकडून करवून घेतलं, त्याच्या शाळेतल्या कुठल्याही गणितापेक्षा ते त्याला आवडलं. एका सागरी मैलात ७२,९१३ इंच. तासाच्या साठ मिनिटांनी भागले की १२१५. म्हणजे फेरे गुणिले पिच, भागिले गिअरचं गुणोत्तर, भागिले १२१५, की पंख्याचा कागदावरचा वेग नॉटमध्ये मिळतो. आमच्या इंजिनाचं गुणोत्तर १.८५, इंजिनाचा दांडा १.८५ वेळा फिरतो तेव्हा पंखा एकदा फिरतो. दोन माणसांना कागदावर ३३ नॉट निघाले, प्रत्यक्ष २७.५, स्लिप १७ टक्के. सहा माणसांना कागदावर जवळजवळ ३० निघाले, प्रत्यक्ष २१.५, स्लिप २८ टक्के. पाव हिश्शाहून जास्त फिरणं वाया.

आता किती पिच कमी करायचा? पिच एक इंच कमी केला की पूर्ण थ्रॉटलचे फेरे दीडशे ते दोनशेने वाढतात, हा सगळीकडे चालणारा ठोकताळा आहे. सहा माणसांनिशी मला ५४०० च्या आसपास हवे होते. कमी पडत होते सहाशे. म्हणजे तीन इंच, म्हणजे ११.

पंखा घ्यायला गेले त्या दुकानात मला वेगळंच सांगितलं गेलं. स्टेनलेसचा घ्या मॅडम, १४ चाच घ्या, पातळ पात असते, वेग वाढतो. स्टेनलेसची पात पातळ करता येते आणि जोर लागला तरी ती वाकत नाही, हे खरं आहे. पण माझी तक्रार वेगाची नव्हतीच, हे त्यांनी विचारलंच नाही. शिवाय आमचं पाणी कुठलं, याचा विचार हवा. मालवणचा किनारा खडकांचा आहे. सिंधुदुर्ग किल्ला ज्या बेटावर उभा आहे त्याच्या भोवती पाण्याखाली किती पाषाण लपलेत ते किल्ल्याला होड्या नेणारे लोकच जाणतात. देवबागला खडक कमी, तर वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. ॲल्युमिनियमची पात खडकावर आपटली तर स्वतः मोडते. पंख्याच्या मध्यात रबराची कडी असते, तीही धक्का खाते. स्टेनलेस मोडत नाही, आणि तो धक्का आत गिअरपर्यंत जाण्याची भीती वाढते. पंखा गेला तर एक पंखा गेला, गिअर गेला तर मोसम गेला. आमच्या पाण्यात ॲल्युमिनियमच, यावर मी ठाम आहे. उघड्या, खोल पाण्यात वेगाने जाणाऱ्या माणसाने स्टेनलेस जरूर घ्यावा.

११ चा पंखा विकत घ्यायच्या आधी वापरून बघायला मिळाला, हे आमचं नशीब. तारकर्लीला पर्यटकांच्या बोटी चालवणाऱ्या, नवऱ्याच्या शाळेतल्या एका मित्राकडे आमच्याच इंजिनाचं भावंड आहे. त्याने त्याचा जादा पंखा आठवड्यासाठी दिला: व्यास ११ ५/८, पिच ११. पिच कमी झाला की व्यास थोडा वाढलेला असतो. पात कमी कलती, म्हणून जरा मोठी परवडते. सहा माणसं बसवून थ्रॉटल पुढे केला आणि बोट अशी उचलली की जाऊबाईंनी कडा धरली. साडेपाच सेकंद. ५४०० फेरे, २१.८ नॉट. हिशेब बरोबर उतरला होता. वेग तसूभर वाढलाच, पिच तीन इंच कमी होऊनसुद्धा, कारण स्लिप २८ वरून १७ टक्क्यांवर आली होती.

मग मी आणि मुलगा, दोघेच गेलो. आणि तिथे ११ चा पंखा नापास झाला. थ्रॉटल पूर्ण पुढे व्हायच्या आतच काटा ६००० ओलांडून गेला, मला हात मागे घ्यावा लागला. अशा पंख्याने इंजिन मर्यादेबाहेर पळतं; ते स्वतःला आवर घालतं खरं, पण त्या आवरावर विसंबून बोट चालवणं मला पटत नाही. पर्यटकांची बोट कायम भरलेलीच निघते, तिला ११ शोभतो. आमची बोट आठवड्यातून दोनदा दोघांना घेऊन निघते आणि महिन्यातून दोनदा सहांना.

त्या आठवड्यात मी पंख्यांबद्दल जे मिळेल ते वाचत होते. त्यात ‘टर्बिनिया’ची हकिगत भेटली. इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सने वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ही पहिली नौका १८९४ मध्ये पाण्यात उतरवली. इंजिन अपूर्व होतं, पण बोट वीस नॉटच्या घरातच अडकून बसली. दोष इंजिनाचा नव्हता. एकुलता एक पंखा इतक्या वेगाने फिरत होता की पातीमागचा दाब घसरून पाणी थंडच्या थंड उकळायचं, वाफेचे बुडबुडे व्हायचे आणि पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरायचा. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. आमच्या वळणात झालं होतं ते हे नव्हे, ती वरून ओढलेली हवा. पार्सन्सने लहानशी टाकी बांधली, लुकलुकत्या उजेडात ते बुडबुडे डोळ्यांनी पाहिले, आणि शेवटी तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या स्पिटहेडच्या नौदल संचलनात ती नौका ३४ नॉटच्या पुढे धावली. वाचताना मला धीर आला. पार्सन्सलाही इंजिनापाशी नव्हे, पंख्यापाशीच थांबावं लागलं होतं, आणि त्यानेही मोजूनच वाट काढली होती.

११ ला फेरे जास्त, १४ ला कमी. मधले दोन उरले, १२ आणि १३. आकडे मांडून बघितले. १३ घेतला तर सहा माणसांनिशी ५००० च्या काठावर. पावसाळ्यापूर्वी तळाला पुन्हा थोडं शेवाळ धरलं, की तो काठावरून खाली पडणार. १२ घेतला तर सहा माणसांना ५२०० आणि दोघांना ५७५० च्या आसपास, दोन्हीकडे जागा शिल्लक. चार पातींचा पंखाही सुचवला गेला. तो पाणी जास्त घट्ट धरतो, कमी वेगातही बोट उचललेली ठेवतो, थरथर कमी. वरचा वेग थोडा जातो. आमच्या मापात तो लगेच मिळत नव्हता, म्हणून तीन पातींचाच १२ घेतला. व्यास ११ ३/८.

बसवताना मी मेकॅनिकला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि स्वतः बसवला. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) लाल दोरी काढून खिशात. पात आणि वरच्या पाटीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा, म्हणजे नट सैल करताना पंखा फिरत नाही आणि बोटं कापत नाहीत. स्प्लिट पिन सरळ करून ओढली, नट काढला, मागची चकती काढली, पंखा ओढला. सहज आला नाही. खाऱ्या पाण्यात पाच महिने ग्रीसशिवाय, त्यामुळे दांड्याच्या खाचांत धरला होता. लाकडी ठोकळ्याने हलके हलके ठोकून काढला.

पंखा निघाल्यावर आत, जाड चकतीच्या मागे, दांड्याभोवती मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याचा वेढा घट्ट बसलेला दिसला. कुणाच्या गळाचा, कधी गुंडाळला गेला, देव जाणे. हा दोरा फिरता फिरता तेल अडवणारं सील कापतो, मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि तेल दुधाळ होतं. खालचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल काढून पाहिलं. तपकिरी, स्वच्छ. तेव्हा कुठे जीव खाली पडला. पंखा दर दोन महिन्यांनी काढून बघायचाच, असं त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. आमच्या खाडीत गळ आणि जाळी किती पडतात ते बघता हे सर्वांनीच करावं.

खाचांना भरपूर ग्रीस लावलं, चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने चढवल्या, नट आवळला आणि नवी पिन घातली. जुनी पिन पुन्हा वाकवून वापरायची नाही. दोन रुपयांच्या पिनेवर पंखा टिकून असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सहाजण. ५२०० फेरे, २२ नॉट, बोट सात सेकंदांत वर. स्लिप २१ टक्के. नंतर दोघे: ५७५० फेरे, २६.५ नॉट. दोघांनिशी वरचा वेग एक नॉटने कमी झाला, तो मी आनंदाने सोडून दिला. जे मोजलं नव्हतं ते नंतर जाणवलं. आता सहा माणसांनिशी ४००० फेऱ्यांवर बोट उचललेली राहते, पूर्वी त्या फेऱ्यांवर ती नाळ वर करून नांगर धरल्यासारखी घसटत चालायची. संगमापर्यंतची तीच फेरी, तीच माणसं. पेट्रोल बघितलं तर नऊ लिटरच्या जागी सात.

एप्रिलमध्ये एकदा मुद्दाम ओहोटी आणि वारा जुळून आलेले असताना मी मुखाशी गेले. सोबत नवरा आणि दीर, आणि बाकीच्या तिघांच्या वजनाइतके पाण्याचे कॅन भरून घेतले. तात्यांना किनाऱ्यावर बसवलं, फोन त्यांच्या हातात. बाहेर वळून एका लाटेची पाठ धरली, थ्रॉटल तीन-चतुर्थांश. बोट उचललेलीच राहिली. लाट हळू झाली तर मी हळू होत होते, ती धावली तर धावत होते, आणि हाताशी अजून थोडा थ्रॉटल शिल्लक होता. मागच्या लाटेकडे मी एकदाही वळून बघितलं नाही. आत आल्यावर तात्यांनी विचारलं, “किती घातलास?” बारा, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि वाळूचा दांडा या मोसमात उत्तरेला सरकलाय, पुढच्या वेळी पलीकडच्या भोगव्याच्या अंगाने या, एवढं सांगून उठले.

१४ चा पंखा मी विकला नाही. गोणपाटात गुंडाळून पुढच्या बाकाखाली ठेवलाय. बाहेर असताना १२ ची पात मोडली तर जड पंखाही सावकाश घरी आणेल. त्याच्याबरोबर एका डब्यात जादा नट, चकती, चार स्प्लिट पिना, पक्कड, पाना आणि लाकडाचा ठोकळा. मे महिन्यात, बोटी बंद व्हायच्या आधी, मी आणि मुलाने गुडघाभर पाण्यात उभं राहून इंजिन वर उचलून पंखा बदलायचा सराव केला. पहिल्यांदा त्याच्या हातून नट वाळूत पडला आणि शोधण्यात वीस मिनिटं गेली. आता पंख्याखाली आधी बादली धरतो. काल अकरा मिनिटं लागली.